वृंदासाठी जुनी विंडोज

२ मार्च, रविवार
वृंदाचा जुना लॅपटॉप गेला. सकाळी तिने नेहमीसारखं बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळाच. ती तशीच बसली, हात कीबोर्डवर. मी म्हटलं, बंद पडलाय, बघतो मी. "हो" म्हणाली आणि टाइप करायला लागली. जेवणापर्यंत काळ्या स्क्रीनसमोर टकटक चालू होतं.
दुपारी उघडून बघितला. डिस्क शाबूत आहे, बोर्ड जळलाय. फाइली वाचल्या एवढंच.

३ मार्च, सोमवार
ऑफिसातून न्यूरॉलॉजिस्टकडे फोन केला. नर्स म्हणाली, रुटीन मोडू नका. तिला कसं सांगू की रुटीनच मोडलंय.
इथे लिहून ठेवतो म्हणजे डॉक्टरला नीट सांगता येईल. वृं.चा विसरण्याचा आजार वाढलाय, दिवाळीपासून जवळजवळ बोलत नाही. हो, नको, पाणी. पण सकाळी त्या लॅपटॉपवर बसली की तिच्या जुन्या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका उघडते आणि पुन्हा टाइप करत बसते. पुण्याला पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं तेव्हाच्या, इथे परदेशात आल्यावर मराठी मंडळातल्या लोकांच्या, सगळ्या. स्पेलिंग चुकत नाही. डॉक्टर म्हणाली होती, हातांची सवय मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते, ती उशिरा जाते.
आणि मधेच कधीतरी स्वतःचं काही लिहून जाते. जानेवारीत जेवायचं सोडलं होतं. मी विचारून विचारून थकलो, ती नुसती बघायची. मग एका पत्रिकेत, मंगल कार्यालयाच्या पत्त्याच्या मधोमध, "दाढ दुखते". डेंटिस्टने बघितलं तर आत पू झालेला.
म्हणजे तो लॅपटॉप नाही तर मला कळणार कुठून.

८ मार्च, शनिवार
नवा लॅपटॉप आणला. मोठा स्क्रीन, हलका. तिचं सॉफ्टवेअर त्यावर चढत नाही. अपेक्षा होतीच. ते चालायला यूएसबीत पेनड्राइव्हसारखं एक निळं लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, लावावं लागतं, आणि त्या लॉकला जुनी विंडोज सेव्हनच लागते, तीही ३२ बिटवाली.
म्हणून आधी नव्यातलाच मराठी कीबोर्ड लावून दिला. चूक केली. तिची बोटं टाइपरायटरवर शिकलेली. पहिली वेलांटी ती अक्षराच्या आधी मारते, हाताने लिहिताना देतो तशी. नव्यात अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. तिने "चि. सौ. कां." लिहायला घेतलं आणि स्क्रीनवर कचरा आला. पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.
मग तिने हात उलटेसुलटे करून बघितले. आणि मांडीखाली घालून बसली.
तिला वाटलं तिचंच चुकतंय. मी चार वेळा सांगितलं, मशीनची चूक आहे. कळलं की नाही, माहीत नाही.

९ मार्च, रविवार
अर्चना आली होती. मंडळातली, नागपूरची, इथे फर्मवेअरमध्ये काम करते. मला काका म्हणते, वृं.ला मावशी. तिने दोन-तीन कीबोर्ड लेआउट घालून बघितले. एक बराच जवळ गेला, पण वृं.ने खुर्चीच मागे घेतली. तिच्या सॉफ्टवेअरची ती खिडकी, ती राखाडी पट्टी, डावीकडचं ते चित्र, तसं काहीच दिसत नाही तिला. परक्याच्या घरात बसवल्यासारखं.
अर्चना म्हणाली, "काका, एखादा जुना लॅपटॉप ऑनलाइन घेऊन टाका ना. शंभर मिळतील."
मिळतील. आणि तो कधी जाईल? हा गेला तर वृं.चा आठवडाभरात चेहरा बदललाय. परत तसं झालं तर मला नाही बघवणार. तिच्यानंतरही चालेल असं मशीन हवंय मला. हे अर्चनाला बोललो नाही, पण असंच काहीतरी डोक्यात आहे.

१५ मार्च, शनिवार
सेव्हनचा इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून सुरू केला. निळा स्क्रीन, पहिली खिडकी, "भाषा निवडा". तिथेच माऊस मेला. कीबोर्डही. सेव्हन आली त्या काळात असले यूएसबी पोर्ट नव्हते, तिला ते दिसतच नाहीत. म्हणजे ती विचारतेय आणि मला उत्तर द्यायची सोय नाही.
घरात तेच चालू आहे, म्हटलं.

१६ मार्च, रविवार
पोर्टचे ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये घुसवले. माऊस हलला. पुढे डिस्क दिसेना. तिचेही ड्रायव्हर घुसवले. डिस्क दिसली. फार आनंद झाला, बाहेर येऊन वृं.ला सांगितलं. ती सोफ्यावर तशीच बसलेली होती, सकाळचा चहा हातात. थंड झालेला. तिने तो मला दिला.

२२ मार्च, शनिवार
नाही होत. ६४ बिटवाली सेव्हन कशीबशी चढली, डिस्प्ले फाटका, वायफाय नाही, पण चढली. लॉक लावलं, ओळखेना. त्याला ३२ बिटच हवी. आणि हा लॅपटॉप ३२ बिटची सुरूच होऊ देत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जुन्या पद्धतीने बूट करायचा ऑप्शन असायचा, तो यात काढूनच टाकलाय.
अर्चनाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, काका, यात तुमचं काही चुकत नाहीये, या मशीनला जुनं माहीतच नाही.
रोज फॅबमध्ये चिप्स बनवतो मी. तीस वर्षं. दरवर्षी आधीचं मागे टाकायचं हेच काम.

३० मार्च, रविवार, पाडवा
पॅटिओत गुढी उभारली. वृं.ने जवळ येऊन कापडाची चुणी सारखी केली. बराच वेळ करत राहिली. मी श्रीखंड भरवलं. सई सिएटलहून व्हिडिओवर. "आई, हॅपी पाडवा." वृं. स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघून हसली.
सई म्हणाली, "बाबा, शी लुक्स थिनर."
हो.

१२ एप्रिल, शनिवार
कसं लिहू.
मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर होतो. एका फोरमवर कोणीतरी बायॉस बदलायचा उपाय लिहिला होता, तो वाचत होतो. बाहेर आलो तर पुढचं दार उघडं. वृं. नाही. चपला जागेवर.
कोपऱ्यापर्यंत पळालो, मग गाडी काढली. ती मोठ्या रस्त्यावर बसस्टॉपच्या बाकावर होती, शेजारी आमच्या गल्लीतली मारिया तिला आपल्या टोपीची सावली धरून उभी. मारियाने तिला रस्त्याच्या मधोमध बघितलं होतं. इथल्या वाळवंटी उन्हाने डांबर तापलेलं, ही अनवाणी. दोन्ही तळव्यांना फोड.
अर्जंट केअरमध्ये ड्रेसिंग केलं. नर्स विचारते, डझ इट हर्ट, मॅम? वृं. छताकडे बघत होती.

१३ एप्रिल, रविवार
सई आली. रात्रीच्या फ्लाइटने तशीच. आईचे पाय बघितले, मग माझ्या टेबलावरचा पसारा बघितला, वायरी, पेनड्राइव्ह, उघडा लॅपटॉप.
"बाबा, शी नीड्स यू. नॉट द सॉफ्टवेअर."
मी दाढेचं सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं, फोनवर तपशील दिला नव्हता मी. तिने टेबलावरच्या वायरी गुंडाळून ठेवल्या. पण नंतर म्हणाली की एक जागा बघून येऊ, फक्त बघू.
बरोबर आहे तिचं. वृं. ज्या वेळी बाहेर गेली त्या वेळी मी तिच्यासाठीच काम करत होतो, हे कोणाला सांगायचं.

१९ एप्रिल, शनिवार
कालव्यापलीकडचं मेमरी केअर बघितलं, विसरणाऱ्या लोकांना ठेवून घेतात ते. वाईट म्हणायला काही नाही. मधे गोल अंगण, कुठूनही चालत निघालं तरी परत तिथेच येतं. दारं त्यांच्या कोडशिवाय उघडत नाहीत. बाग आहे. डाळिंबाचं झाड आहे. मॅनेजरबाई प्रेमळ. विचारलं, इथे कोणी मराठी? किंवा हिंदी? ती म्हणाली, तेलुगु बोलणारी एक केअरगिव्हर आहे, आठवड्यातून तीन दिवस.
गाडीत मी म्हटलं, तिच्याशी कोणीच बोलणार नाही तिथे.
सई म्हणाली, "शी डझन्ट टॉक एनीवे, बाबा."
आणि मग सिग्नलला रडायला लागली. हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी तिला गाडी हलवता येईना. वृं.ने मागच्या सीटवरून हात पुढे करून तिच्या केसांवर ठेवला. तसाच घरापर्यंत.
वेटिंग लिस्टवर नाव घातलं.

२६ एप्रिल, शनिवार
झालं.
गुरुवारी अर्चनाचा फोन आला होता. म्हणाली, नव्या लॅपटॉपवर जुनी सिस्टिम बसवायचा हट्ट सोडा, नव्याच्या पोटातच एक जुना लॅपटॉप बनवू. व्हर्च्युअल मशीन. त्याला आपण काय सांगू तेच खरं वाटतं, माऊस जुना, डिस्क जुनी. मला हे आधी सुचायला हवं होतं. ऑफिसात आम्ही वापरतो. घरी बसलं की अक्कल जाते.
आज ती दुपारभर होती. ३२ बिटवाली सेव्हन सरळ चढली, एकही प्रश्न न विचारता. निळं लॉक त्या आतल्या मशीनला जोडलं. सॉफ्टवेअर उघडलं. राखाडी पट्टी, डावीकडचं चित्र. सगळं पूर्ण स्क्रीनभर केलं, म्हणजे बाहेरचं नवं काही दिसायला नको. तिचा जुना सुटा कीबोर्ड जोडला.
वृं.ला आणून बसवलं. पायात जाड मोजे. ती बघत राहिली. हात मांडीखालीच. मी आणि अर्चना मागे उभे. मग तिने उजवा हात काढला आणि माऊस हातात घेऊन एक पत्रिका उघडली. हातकणंगल्याच्या कुणाची तरी. "श्री गजानन प्रसन्न" पुसून पुन्हा लिहिलं. बरोबर आलं.
अर्चना बाथरूममध्ये गेली. डोळे धुऊन आली.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी तिने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि उघडलं. मशीन झोपेतून उठल्यावर लॉक सुटलं, सॉफ्टवेअर बंद, वर इंग्रजीत मेसेज. ती इतकी घाबरली की माझा दंड धरून ठेवला. नखं लागली.
आता झाकण लावलं तरी झोपणार नाही असं करून ठेवलंय. चालूच राहू दे रात्रंदिवस.

३ मे, शनिवार
आठवडाभर रोज सकाळी बसते. जेवते थोडं बरं. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून ऑफिसचं काम करतो, बॉसला सांगितलंय घरूनच करणार. दार आता वरच्या कडीने बंद असतं.
संध्याकाळी तिच्या फाइली बघतो. चोरून बघितल्यासारखं वाटतं, पण बघतो. आज एका पत्रिकेत, "आपले आगमनाभिलाषी"च्या खाली:
पाय भाजले
एवढंच. जखमा भरून आल्या आता. खपल्याही पडल्या. इतके दिवस हे तिच्या आत होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. अर्जंट केअरमध्ये ती छताकडे बघत होती तेव्हाही.
तिचे पाय मांडीवर घेऊन तेल लावलं. सॉरी म्हटलं. ती टीव्ही बघत होती.

९ मे, शुक्रवार
मेमरी केअरच्या मॅनेजरबाईचा फोन. एक खोली रिकामी झालीये. रिकामी कशी झाली ते विचारलं नाही. पुढच्या शनिवारी पाचपर्यंत उत्तर हवं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला.
लॅपटॉप ठेवता येईल का विचारलं. ठेवा म्हणाली. पण अडला तर चालू कोण करणार, आणि तिने मराठीत काही लिहिलं तर वाचणार कोण, हे तिलाही सांगता येईना. म्हणाली, यू कॅन व्हिजिट एनी टाइम.
सईला कळवलं. ती येतेय. परवा रात्री वृं. पडली, बाथरूमच्या दारात. मला एकट्याला उचलता आली नाही, मारियाच्या नवऱ्याला बोलवावं लागलं. हेही सईला कळवलं. नसतं कळवलं तर बरं, असं क्षणभर वाटलं होतं.

११ मे, रविवार
सगळं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.
सकाळी वृं. टाइप करत होती. मी चहा घेऊन गेलो. कप ठेवला तशी ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. नीट, चेहऱ्याकडे. म्हणाली,
"बसा."
स्वच्छ आवाज. पुण्याच्या पुढच्या खोलीतला. ग्राहकांशी बोलताना ती जरा वरच्या पट्टीत बोलायची, तसाच. मी बसलो.
"मुलीकडचे की मुलाकडचे?"
मला समजायला वेळ लागला. म्हटलं, मुलाकडचा.
"नाव?"
दुसरं काही सुचलं नाही. माझंच सांगितलं, शरद. तिने "चि. शरद" लिहिलं. मग मुलीचं नाव विचारलं. मी म्हटलं, वृंदा.
मी तिच्याकडे बघत होतो. तिने लिहिलं, "चि. सौ. कां. वृंदा". हात कुठे अडखळला नाही. वळून बघितलं नाही. मुहूर्त विचारला. गोरज, म्हटलं, आमचा होता तो. कार्यालय विचारलं, तेही सांगितलं, आमचंच. तिने सगळं घेतलं, मधे एकदा पानाची चौकट सारखी केली, आणि म्हणाली,
"शनिवारी या. प्रूफ बघायला."
मी तिथेच बसून राहिलो. तर तिने पुन्हा वर बघितलं, जरा कंटाळून, म्हणजे मागे लोक थांबलेत अशा नजरेने. "अजून काही?"
नाही, म्हटलं. उठलो. मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तेहतीस वर्षांत इतकं नीट ती माझ्याशी शेवटची कधी बोलली आठवेना. आणि बोलली ती माझ्याशी नव्हेच.
दुपारी पुन्हा नेहमीसारखी. पाणी. हो.

१५ मे, गुरुवार
सई आली. परवाच आली, लगेच तिला रविवारचं सांगितलं. किचनमध्ये उभ्या उभ्या ऐकलं.
"शी टॉक्ड? फुल सेंटेन्सेस?"
हो.
ती दोन दिवस आईच्या शेजारी बसतेय आता, खुर्ची लावून. मराठीत बोलायचा प्रयत्न करते, "मी मुलीकडची आहे, माझं लग्न आहे." वृं. टाइप करत राहते. संध्याकाळी सई म्हणाली, माझ्याशी का नाही. मग म्हणाली, सॉरी, दॅट्स स्टुपिड.
मी म्हटलं, नाही. मलाही तसंच वाटतं. तू बाळ असताना ती तुझ्याशी बोलायची, इतकं की...
झोपायच्या आधी सईने सगळा हिशोब मांडला. माझी पाठ, माझं वय, बाथरूम, दार. एकही गोष्ट खोटी नाही. मी म्हटलं, शनिवारी सांगतो.

१७ मे, शनिवार
पाचपर्यंत वेळ आहे. मॅनेजरबाईंचा सकाळीच टेक्स्ट येऊन गेला, आठवणीसाठी.
वृं. नाश्ता करून मशीनवर बसली. मी रविवारीच तिची फाइल बघायची नाही असं ठरवलं होतं, बघितली नाही. पत्रिका पुरी झाली का, माहीत नाही. कदाचित तिने पुसून टाकली असेल. कदाचित रविवारचं काही राहिलंच नसेल तिच्यात.
सईला म्हटलं, आधी मी प्रूफ बघून येतो, मग त्या खोलीचं बोलू. दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं.
इस्त्रीचा शर्ट घातला. सई दारात उभी राहून बघत होती.
"बाबा, अँड इफ शी डझन्ट रेकग्नाइझ यू?"
"कोण म्हणून?" मी विचारलं.
तिने पुढे येऊन माझी कॉलर सारखी केली.
आत टाइप करण्याचा आवाज येतोय. मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, पुढची बेल वाजवणार. ग्राहक पुढूनच येतात.
बूट घालतो.